सामान्य काळातील रविवार

दिवस सूर्याने दिला, महिना चंद्राने, वर्ष ऋतूंनी. आठवडा मात्र आकाशातल्या कोणत्याच फेऱ्यातून आपोआप हाती येत नाही. चंद्रकलांशी त्याचे नाते जुळवू पाहणारे आहेत, पण पौर्णिमा-अमावास्यांची लय आणि सात दिवसांची मोजणी यांच्या वाटा फार लवकर वेगळ्या होतात. माणसांनी एकमेकांना सांगत, एकमेकांकडून ऐकत, केवळ स्मरणाच्या बळावर हे आवर्तन चालू ठेवले आहे. मध्य प्रदेशातील एरण येथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. 484चा, स्तंभलेख आहे. त्यात गुरुवार येतो, आणि भारतातला वाराचा सर्वांत जुना कोरीव उल्लेख तोच मानला जातो. पुढे पोप ग्रेगरीच्या पंचांगसुधारणेत 1582च्या ऑक्टोबरातले दहा दिवस गाळले गेले, 4 तारखेच्या दुसऱ्या दिवशी 15 तारीख उजाडली. तरी गुरुवारनंतर शुक्रवारच आला. तारखा मोडल्या, वार मोडले नाहीत. साम्राज्यांनी बांधलेले किल्ले ढासळले आणि ज्याला कुणी मालक नाही, पहारेकरी नाही, असा हा सात दिवसांचा बांध तेवढा टिकला, याचे आश्चर्य मला वय वाढते तसे वाढतच चालले आहे.

हे आश्चर्य मला विशेष जाणवते ते वसईत, रविवारच्या पहाटे. सांडोर, पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, गास अशा गावागावांतून पहिल्या मिस्सेची घंटा होते. केळीच्या बागा आणि पानवेलींच्या मांडवांमधून गेलेल्या अरुंद रस्त्यांवरून माणसे चर्चकडे निघतात. तांबडे लुगडे नेसलेल्या सामवेदी म्हाताऱ्या, त्यांच्या हाताला धरलेली अर्धवट जागी नातवंडे, रात्रपाळी संपवून पहिल्या लोकलने परतलेला आणि घरी न जाता थेट चर्चच्या पायरीशी आलेला एखादा तरुण. मी या धर्मात जन्मलो नाही. शेजाराने मला इथे आणले आणि शेजारानेच मागच्या बाकावरची एक जागा माझी म्हणून राखली. तिथून जे दिसते ते श्रद्धावंताला दिसते त्याहून कमीच असणार. पण काही गोष्टी उंबरठ्यावरूनच नीट दिसतात, असाही माझा अनुभव आहे. सिमोन वेल ही फ्रेंच विचारवंत 1938च्या पवित्र सप्ताहात सोलेमच्या मठात डोकेदुखीने व्याकूळ असताना तिथले गायन ऐकत बसली होती, ख्रिस्ताच्या दुःखाने ती आतून हलली. तरीही ती पुढे अनेक वर्षे चर्चच्या दारातच उभी राहिली, कारण बाहेर राहिलेल्यांची साथ सोडणे तिला जड जात होते. तिच्या त्या उभे राहण्याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

मिस्सेत नवे असे जवळजवळ काहीच घडत नाही. क्षमायाचना, वाचने, स्तोत्र, शुभवर्तमान, प्रवचन, श्रद्धेचा उच्चार, भाकर आणि द्राक्षारस यांचे अर्पण, शांतीचे अभिवादन, कम्युनियन, आशीर्वाद. हा क्रम गेल्या रविवारी होता तसाच या रविवारी असतो. इ.स. 155च्या सुमारास जस्टिन नावाच्या एका तत्त्वचिंतकाने रोमन सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून आपल्या लोकांची बाजू मांडली. त्यात सूर्याच्या दिवशी शहरातले आणि खेड्यांतले सारे एकत्र येऊन काय करतात याचे साधे वर्णन आहे. वेळ असेल तोवर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचायचे, मग प्रमुखाने चार शब्द सांगायचे, सर्वांनी उठून प्रार्थना करायची, भाकर व द्राक्षारस आणायचा, लोकांनी आमेन म्हणायचे, वाटप करायचे आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पाठवायचा. ज्यांची ऐपत आहे त्यांनी इच्छेप्रमाणे द्यायचे आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले यांचा सांभाळ व्हायचा. हे वाचले तेव्हा वसईतल्या एखाद्या वाडीचेच वर्णन वाचतो आहे असे मला वाटले. कारण इथेही मिस्सा संपली की अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे कम्युनियन घेऊन जाणारी माणसे निघतात, इथेही दानाची पिशवी बाकांवरून फिरते आणि कुणाच्या औषधाला, कुणाच्या फीला तिचा आधार होतो. ही गोष्ट मला ईश्वरशास्त्राच्या ग्रंथांइतकीच महत्त्वाची वाटते. उपासनेच्या हृदयात, अगदी आरंभापासून, अनुपस्थितांचा वाटा बाजूला काढून ठेवलेला आहे.

कम्युनियनच्या वेळी माझ्या बाकावरचे सारे उठतात. मी पाय आवरून वाट देतो आणि एकटाच बसून राहतो. त्या काही मिनिटांत पुढे सरकणारी रांग पाहणे हे माझ्या रविवारचे खरे चिंतन. तिथे बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले सख्खे भाऊ एकामागे एक उभे असतात. सावकार मनोवृत्तीचा बागायतदार आणि त्याच्याकडे मजुरीला जाणारी बाई एकाच हातातून एकसारखाच तुकडा घेतात. काही वेळापूर्वी शांतीचे अभिवादन करताना ज्यांनी एकमेकांची नजर चुकवली ते वेदीपाशी तरी एकाच दिशेने पाहत असतात. याने भांडणे मिटतात असे मी म्हणणार नाही, पुष्कळदा मिटत नाहीतच. पण धर्मग्राम ही व्यवस्था मुळात भूमीवर आखलेली आहे: तुम्ही जिथे राहता तिथले तुम्ही, आणि तिथे जे राहतात ते तुमचे. आवडीच्या, समान रुचीच्या, समान शिक्षणाच्या माणसांची निवड करून त्यांच्यासोबत देवाला सामोरे जाण्याची मोकळीक तिच्यात फारशी नाही. आजच्या जगात आपण मित्र निवडतो, मते निवडतो, शेजारही परवडेल तसा निवडतो. आणि निवडलेली माणसे आपल्याला आपल्याच चेहऱ्याची प्रतिबिंबे परत देतात. न निवडलेल्या माणसांसमवेत आठवड्यातून एकदा गुडघे टेकण्याची ही शिस्त मला मनुष्यस्वभावाच्या फार खोल ओळखीतून आलेली दिसते. प्रेम करणे त्या मानाने सोपे. शेजारी उभे राहत राहणे अवघड.

मिस्सा संपल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत. चर्चसमोरच्या अंगणात धर्मग्रामाचे दुसरे जीवन सुरू होते. आत फादरांनी घोषणा वाचलेल्या असतात: कोणत्या वाडीत या आठवड्यात प्रार्थनासभा आहे, कोणाची महिन्याची मिस्सा आहे, अमक्याचा मुलगा आणि तमकीची मुलगी विवाहबद्ध होऊ इच्छितात, कुणास काही अडचण ठाऊक असल्यास कळवावी. विवाहाची ही जाहीर वाच्यता सलग तीनदा व्हावी असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली ठरवले. आणि नंदाखालच्या चर्चची परंपरा त्यानंतर दहाच वर्षांनी, 1573मध्ये, सुरू झाली असे सांगतात. अंगणात या घोषणांवर भाष्य होते, फुलांचे दादरचे भाव विचारले जातात, नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांची खुशाली कळते, गायनवृंदातली मुले पुढच्या सणाची तालीम ठरवतात. वसईतल्या बेसीन कॅथॉलिक बँकेचे मूळ 1918मधले आहे. सहकाराची तत्त्वे कुणीतरी शिकवली असतील. पण कोण दिलेला शब्द पाळतो आणि कोण पाळत नाही याचे ज्ञान अशाच अंगणांत, अशाच रविवारांनी साठवले असले पाहिजे. विश्वास हा शब्द देवाविषयी आणि कर्जाविषयी आपण एकाच तोंडाने उच्चारतो, त्याला इथे अर्थ आहे.

चर्चच्या कचेरीतल्या कपाटात स्नानसंस्काराची नोंदवही असते. प्रत्येक धर्मग्रामाने ती ठेवावी असा चर्चचा नियमच आहे, आणि त्या नियमातला एक बारकावा मला फार भावतो. ज्याचे नाव जन्मानंतर एकदा लिहिले गेले, त्याचे लग्न पुढे जगात कुठेही झाले तरी त्याची खबर मूळ धर्मग्रामाला पाठवायची आणि त्याच जुन्या ओळीच्या समासात ती टिपून ठेवायची. म्हणजे कॅनडात किंवा आखातात संसार थाटलेल्या माणसाच्या आयुष्याची वळणे वसईतल्या एका पिवळ्या पानाकडे परतून येत राहतात. आपल्याकडे तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या अशाच नांदल्या. माणसाला आपण कुठेतरी लिहिलेले असावे, कुणीतरी आपला समास मोकळा ठेवलेला असावा, ही ओढ धर्मांच्या सीमा जाणत नाही.

वसईतल्या घंटांची कथा मात्र इतकी सरळ नाही. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि चर्चमधल्या कितीतरी घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली 1721 साल कोरलेली घंटा, वाईजवळच्या मेणवलीची मरियेची आकृती असलेली घंटा, भीमाशंकरची घंटा. ज्या ओतीव धातूने कोकणातल्या शेतकऱ्यांना रविवारच्या उपासनेला बोलावले, तोच आज शिवभक्तांच्या हाताने निनादतो. यात पराभव आहे, लूट आहे. आणि त्याआधीच्या पोर्तुगीज अमलात मंदिरांच्या वाट्याला जे आले त्याची छायाही आहे. पण धातूला वैर आठवत नाही. मेणवलीच्या घाटावर मी ती घंटा पाहिली तेव्हा वसईचे धर्मग्राम मला तिथेही क्षणभर उभे राहिलेले दिसले. वसईत मागे राहिलेल्यांनी नव्या राजवटीत घंटांवाचूनही रविवार पाळला, हे त्याहून मोठे. पुकारणारा आवाज हरवला तरी ज्यांना वार ठाऊक होता ते आलेच.

उपासनेची भाषा हा असाच एक दीर्घ प्रवास. फादर थॉमस स्टीफन्स 1579मध्ये गोव्यात आले. तिथल्या ज्या सासष्टीत देवळे पाडली गेली होती आणि जुनी पुराणे हातची गेली होती, त्याच सासष्टीतल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. 1616मध्ये ते राचोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. रविवारी, सणावारी ते लोकांसमोर वाचले जाई. वेदीवरची मिस्सा मात्र आणखी साडेतीन शतके लॅटिनमध्येच राहिली. फादर वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत आणि माणसे मागे आपली जपमाळ ओढत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, लोकभाषांना दार उघडले आणि त्यानंतरच्या वर्षांत वसईच्या वेदीवर मराठी आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता'च्या संपादनातून आणि 'सुबोध बायबल'मधून जे मराठी गद्य घडवले, त्याची मुळे मला या प्रार्थनामराठीच्या मातीत दिसतात. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा माणूस वेदीसमोर प्रमाण मराठीत उभा राहतो आणि ती मराठी त्याच्या हुंदक्यांनी, त्याच्या नवसांनी हळूहळू मऊ होत जाते. भाषा ग्रंथांत श्रीमंत होते. सवयीने उच्चारली गेल्यावर ती आपली होते.

चर्चच्या वर्षात सणांच्या कालखंडांना नावे आहेत: आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थान. उरलेले तेहतीस-चौतीस आठवडे हा सामान्य काळ. त्यातल्या रविवारांना केवळ क्रमांक असतात आणि फादरांच्या अंगावरचा झगा हिरवा असतो. पेंटेकॉस्ट झाला की हा काळ पुन्हा सुरू होतो, आणि नेमक्या त्याच सुमारास वसईत मृगाचा पाऊस येतो. रोममध्ये ठरलेला हिरवा रंग आणि भाताच्या रोपांचा हिरवा रंग एकाच रविवारी समोरासमोर येतात. आयुष्याचा मोठा भाग नावे नसलेल्या आठवड्यांचाच असतो, पीक त्यांतच वाढते, मुले त्यांतच मोठी होतात. आणि त्या काळालाही उपासनेचा रंग देण्याइतकी दृष्टी कुणाकडे होती, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आता बागांच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या आहेत. कोकणी, मल्याळी, तमिळ बोलणारी कॅथॉलिक कुटुंबे त्यांत राहायला येतात आणि राहायला आली म्हणूनच, कुणाच्याही संमतीवाचून, धर्मग्रामाची होतात. त्यांच्या प्रार्थनेलाही वेळ हवी, भाषा हवी. अशा प्रश्नांवर सभांतून आवाज चढतात. दोन्ही बाजूंना वेदना आहे. इंग्रजीची मिस्सा हवी त्यांना ती अवश्य मिळावी, त्यांची मुले त्या भाषेत वाढली आहेत. पण पहाटेची पहिली मिस्सा मराठीतच राहावी असे मला मनापासून वाटते. तिला येणाऱ्या तांबड्या लुगड्यातल्या वृद्धांनी लहानपणी लॅटिन ऐकले, अर्थ न कळता विश्वासाने ऐकले; ऐन तारुण्यात त्यांना एके रविवारी देव आपल्या भाषेत बोलताना भेटला. ज्यांनी इतकी वाट पाहिली त्यांना उतारवयात पुन्हा न कळणाऱ्या शब्दांसमोर बसवू नये, एवढेच मी त्या सभांत बसलेल्यांना सांगू इच्छितो. आणि मागच्या बाकावरच्या पाहुण्याला असे सांगण्याचा अधिकार नसला, तर शेजाऱ्याच्या नात्याने विनवतो.