वाटणी आणि गादी

कौटुंबिक उद्योगातील उत्तराधिकाराचा प्रश्न बहुधा मिळकतीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. वस्तुतः तेथे मालकी आणि सत्ता या दोन भिन्न गोष्टी पुढील पिढीकडे जायच्या असतात, आणि भारतीय परंपरेने पहिलीचे नियम जितक्या बारकाईने घडवले तितके दुसरीचे घडवले नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या टीकेतून विकसित झालेल्या हिंदू कायद्यात सहदायाद, म्हणजे वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा असणारा वारस, कोण हे ठरलेले आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही ते स्थान मिळाले आहे. एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणारा ‘कर्ता’ मात्र सामान्यतः ज्येष्ठतेने ठरतो, पात्रतेने नव्हे. कंपनीच्या कायद्यात कर्त्याला जागा नाही; तरीही घरातील वडीलधाऱ्यांच्या आणि जुन्या नोकरवर्गाच्या मनातून तो हललेला नसतो.

समभागांची वाटणी होऊ शकते, गादीची होत नाही. म्हणूनच दावेदार दोन आणि गादी एक अशी स्थिती आली की पुष्कळ घराणी उद्योगच विभागून दोन गाद्या निर्माण करतात. धीरूभाई अंबानी जुलै २००२ मध्ये मृत्युपत्र न करता निवर्तले, पुत्रांतील वाद उघड झाला आणि जून २००५ मध्ये मातोश्री कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीने समूहाची विभागणी झाली. परंतु नैसर्गिक वायूच्या पुरवठ्यावरून पुढे उद्भवलेल्या खटल्यात, घरातल्या घरात झालेला समझोता भागधारकांच्या कंपनीला बांधून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये स्पष्ट केले. १८९७ पासूनच्या गोदरेज समूहाची २०२४ मधील विभागणी चर्चेने आणि सामोपचाराने झाली. तथापि वाटणी कलहातून होवो वा सामोपचाराने, तिने उत्तराधिकाराचा प्रश्न सुटत नाही. तो प्रत्येक शाखेच्या पुढील पिढीकडे सरकतो.

टाटा समूहाची रचना याहून वेगळी आहे, कारण टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के समभाग धर्मादाय न्यासांकडे असल्यामुळे तेथे मालकीची वाटणी जवळजवळ अशक्य आहे. असे असूनही सत्तेचा पेच तेथेही टळला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये रतन टाटा यांनी सायरस मिस्त्री यांच्याकडे अध्यक्षपद सोपवले, पण न्यासांचे अध्यक्षपद स्वतःकडे ठेवले, आणि कंपनीच्या नियमावलीनुसार काही महत्त्वाच्या निर्णयांना न्यासनियुक्त संचालकांची संमती आवश्यक होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिस्त्री यांना दूर करण्यात आले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई वैध ठरवली. न्यायालयाने वैधतेचा निवाडा केला. पद एकाकडे आणि अंतिम शब्द दुसऱ्याकडे असताना कारभार कसा चालावा, हा प्रश्न निवाड्याने संपणारा नव्हता.

त्यामुळे उत्तराधिकाराच्या चर्चेत वारसाच्या तयारीला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढेच ते मावळत्या पिढीच्या निवृत्तीलाही द्यावे लागते: तिच्याकडे कोणते अधिकार उरतील, किती काळ उरतील आणि मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा, हे लेखी ठरले पाहिजे. सत्तांतर झाले की नाही याची कसोटी नेमणुकीच्या समारंभात लागत नाही. नव्या प्रमुखाचा वडीलधाऱ्यांना न रुचलेला पहिला निर्णय कायम राहतो का, यावर ती लागते.