सोन्याचा गुण कुठे राहतो?

नागपुरात नंदनवनातून सक्करदऱ्याकडे निघालं की शासकीय आयुर्वेद महाविद्यालय लागतं. त्याच भागात मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. पुष्य नक्षत्राला नातवाला सुवर्णप्राशन देणारी आजी आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन तोंडात दोन बोटंही जाईनाशी झालेला तिचा मुलगा, दोघं एकाच घरातले असू शकतात. अशा घरात मोबाइलवर बातमी येते, की सोन्याच्या सूक्ष्म कणांनी कॅन्सरवरच्या किरणांच्या शेकाची ताकद वाढते. कुणीतरी लगेच म्हणतं, हे तर आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं.

ठाऊक होतं का? त्याआधीचा प्रश्न असा, की सोनं गुण देतं ते स्वतःच्या अंगच्या सामर्थ्यानं, की कशाच्या तरी संगतीनं?

वैशेषिक परंपरेतला अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' सोन्याला पृथ्वीत नव्हे, तेजात घालतो. त्यामागचा युक्तिवाद देखणा आहे: तूप फार तापवलं की त्याचं द्रवपण नाहीसं होतं, सोनं कितीही तापवा, वितळलेलंच राहतं. म्हणजे गुण द्रव्यातच मुरलेला. देवघरातली श्रद्धाही हेच मानते.

भौतिकशास्त्राचं उत्तर वेगळं आहे. सोन्याचा अणुक्रमांक ७९. अणू इतका जड, की तो मांसपेशींपेक्षा कितीतरी जास्त क्ष-किरण शोषतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. त्यांतले बरेचसे दूर जात नाहीत, जवळच्याच पेशींना इजा करतात. २००४ साली अमेरिकेत जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी गाठी असलेल्या उंदरांच्या शिरेत १.९ नॅनोमीटरचे सुवर्णकण सोडले आणि मग किरण दिले. वर्षानंतर त्यांतले ८६ टक्के जिवंत होते, नुसते किरण दिलेले २० टक्के. नुसतं सोनं दिलेला एकही उरला नाही.

या शून्यापाशी थांबायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात ज्या धम्माची दीक्षा घेतली, त्यातला प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की काहीही एकट्यानं घडत नाही, कारणं जुळली की घडतं. सुवर्णकणांच्या बाबतीत हा विचार वैशेषिकांपेक्षा जवळचा वाटतो. सुवर्णप्राशनातल्या सुवर्णभस्मातही नॅनो आकाराचे कण सापडले आहेत, हे खरं. पण भस्म पोटात जातं, त्याच्यावर कुणी किरण सोडत नाही. या प्रयोगाचा हवाला देऊन शेक बंद करून भस्म सुरू करणं म्हणजे नेमका उलटा अर्थ काढणं, आणि त्याची किंमत रोगी मोजतो.

हे कण अजून रोजच्या उपचारात आलेले नाहीत. प्रयोगातले किरण कमी ऊर्जेचे होते. आजच्या यंत्रांच्या मेगाव्होल्ट किरणांपुढे सोन्याचा हा फायदा बराच उतरतो. शिवाय मोठे कण यकृत आणि प्लीहेत साठतात, महिनोन्महिने तिथेच राहतात. न गंजणारं म्हणून ज्याची पूजा होते, ते सोनं शरीराला सहजासहजी पचवता येत नाही, आणि बाहेर कसं काढावं हेही संशोधकांना अजून पुरतं सोडवता आलेलं नाही.