दोन आठवडे आणि रात्रीचे आठ

मुलुंडची भाची परवा संध्याकाळी आली ती मोबाइल पुढे करतच. "मावशी, हे बघ ना." केनियातल्या एका आश्रमाची जाहिरात होती. आईबाप एड्सने गेलेली आणि स्वतःही एचआयव्हीसह जगणारी मुलं. दोन आठवडे जायचं, त्यांच्याशी खेळायचं, इंग्रजी शिकवायचं, भिंती रंगवायच्या. विमानाचं भाडं आपलं, राहण्याखाण्याचे पैसेही आपलेच. फोटोत एक पाहुणी, तिच्या कडेवर एक पोर, आणि पोराचा चेहरा लख्ख दिसणारा.

भाची मनाने चांगली, तिचा उत्साह मोडवेना. मी एवढंच विचारलं, "रात्री आठला या मुलांना गोळी कोण देतं गं?"

जाहिरातीत ते नव्हतं.

एचआयव्हीची गोळी रोज घ्यायची, ठरल्या वेळी, जन्मभर. चुकत राहिली की विषाणू औषधाला सरावतो आणि तेच औषध पुढे चालेनासं होतं. मोठा माणूस मोबाइलला गजर लावतो. मुलाच्या बाबतीत गजर म्हणजे कोणीतरी माणूसच. खेळातून हाक मारणारं, हातावर गोळी ठेवून ती गिळेपर्यंत समोरून न हलणारं. त्यातून एक दिवस ते पोर विचारतं, "मीच का रोज गोळी घेते? तिला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर ज्याने द्यायचं, तो उद्या विमानात बसणारा असून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला निघाले होते. मरोळ नाका आलं तेव्हा आठवलं, की केनियातल्या त्या गोळीचं एक टोक इथेच आहे. लहान मुलांसाठीचं एक जुनं औषध म्हणजे कडूजहर सिरप. त्यात चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल, वर थंड जागी ठेवण्याची अट. जिथे घरात वीज नाही तिथे फ्रिज कुठला? मूल थुंकायचं, सांभाळणारी रडकुंडीला यायची. मग २०२० च्या जागतिक एड्स दिनाच्या सुमारास एक करार जाहीर झाला. डोल्युटेग्रॅव्हिर नावाच्या औषधाची मुलांसाठी १० मिलिग्रॅमची गोळी; पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची आणि स्वस्त. ती बनवायला दोन कंपन्या पुढे आल्या. त्यांतली एक मॅक्लिऑड्स, मुख्य कचेरी अंधेरी पूर्वेला, मरोळला. केनिया, मलावी, युगांडा, झिंबाब्वे अशा देशांत ती गोळी सुरुवातीलाच पोचली.

या गोळीचा हिशेब मला फार आवडतो. सहा किलोच्या आतल्या बाळाला अर्धी. दहा किलो झालं की दोन. चौदाला अडीच. वीस किलो भरलं की मोठ्यांची एकच, ५० मिलिग्रॅमची. मूल वाढलं हे काट्यावर दिसतं आणि गोळी बदलते. पण वजन कोण करतं? अर्धी गोळी नीट तोडून कोण देतं? आफ्रिकेत एड्सने पोरकी केलेली बरीचशी मुलं आश्रमात नाही, आज्या-मावश्यांच्या घरातच वाढली. त्या आजीला दोन आठवड्यांचा पाहुणा नको असतो. तिला औषधाला जायची बस, गोळ्यांचा साठा आणि शाळेची फी हवी असते. आपली आजी तरी वेगळं काय मागेल?

आपल्याकडचंही सांगते. पंढरपूरजवळ २००१ मध्ये मंगलताई शहांना गोठ्यात टाकून दिलेल्या दोन लहान मुली मिळाल्या. आईबाप एड्सने गेलेले, नातेवाईक हात लावायला तयार नाहीत. ठेवून घेणारी संस्था सापडेना, तेव्हा ताईंनी त्यांना आपल्याच घरी नेलं. 'पालवी' ही संस्था तिथून सुरू झाली. सरकारी दवाखान्यांतून फुकट औषधं मिळायला लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आठ रुग्णालयांत, आपलं मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. म्हणजे सुरुवातीची वर्षं ताईंच्या हातात हे फुकटचं औषधही नव्हतं, नुसतं घर होतं. पंढरीला जाणारे आपण सगळे म्हणतो, पुंडलिकाने आईबापांची सेवा केली म्हणून देव विटेवर उभा राहिला. त्याच गावच्या वेशीबाहेर सेवा करायला आईबापच न उरलेली लेकरं आहेत. त्यांच्यासाठी विटेवर कोण उभं राहणार, असं माझ्या मनात येतं. आणि विठोबाचा सगळा पराक्रम तरी काय, तर तो थांबला. निघून गेला नाही.

जाहिरातीतल्या त्या फोटोबद्दल मात्र भाचीला मी नंतर स्पष्ट बोलले. आपल्याकडे एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय कोणाची लागण उघड करता येत नाही. 'आमच्या एचआयव्ही मुलांसोबत' असं लिहून चेहरा टाकणं म्हणजे दुसरं काय? पंधरा वर्षांनी ते पोर नोकरी मागायला जाईल, तेव्हा हा फोटो आधीच पोचलेला असेल. त्याच कायद्यात एक कलम आहे, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. आईबाप नाहीत आणि बारा वर्षांवरचं समजूतदार भावंड घर सांभाळतंय, तर त्याला धाकट्याचं पालक म्हणून मान्यता. शाळेचा दाखला, उपचार, बँकेचं खातं, सगळं त्याच्या सहीने. बारा वर्षांचं पोर. आमच्याकडे या वयात दूध आणायला पाठवताना दहादा विचार करतात.

भाची केनियाला गेली नाही. माझ्यामुळे असं मी म्हणणार नाही. खर्चाचा आकडा बघून तिच्या बाबांनीच आधी मान हलवली होती. पुण्याकडच्या एका संस्थेत दहावीच्या एका मुलीला ती आता दर शनिवारी पाच वाजता व्हिडिओवरून बीजगणित शिकवते. आधी संस्थेच्या बाईंनी तिला फोनवर एकच अट घातली होती: मार्चपर्यंत जमणार असेल तरच सुरू करा. मागच्या शनिवारी पावसाने लोकल खोळंबली आणि ही भांडुपला अडकली. पाचला फलाटावरूनच फोन लावला. पलीकडे मुलगी वही उघडून बसलेली. "ताई, आवाज फार येतोय तुमच्याकडे," ती म्हणाली, "पण राहू द्या, ठेवू नका."