सोसण्याचा हक्क

लहानपणी पडून झडून घरी आलो की आई आधी विचारायची, "रडलास का?" लागले किती, हा प्रश्न नंतरचा. नाही रडलो म्हटले की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे, त्यासाठी पुन्हा एकदा गुडघा फोडून घ्यायची माझी तयारी असे. मुकाट्याने सोसणे हा आमच्या घरातला पहिला सद्गुण होता. पुढे मी मास्तर झालो आणि तोच सद्गुण वर्गातल्या मुलांच्या पदरात टाकू लागलो. खरे बोलावे, हेही शिकवीतच होतो. या दोन शिकवणी कधी काळी एकमेकींच्या आड येतील, असे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हते. ते ध्यानात आले चाळिशीच्या उंबरठ्यावर, लडाखात, पहाटेच्या अंधारात, बर्फावर उभे असताना.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण स्टोक कांगरीला गेलो होतो. लेहमधून दक्षिणेकडे पाहिले की सिंधूच्या पलीकडे एक हिमाच्छादित रांग दिसते. तीत हे शिखर आहे. उंची ६,१५३ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई रचीत गेलो, तर पावणेचार कळसूबाया होतील. एवढे असूनही त्या शिखराची ख्याती अशी, की ज्याने जन्मात कधी कडा चढलेला नाही, त्यालाही ते चढता यावे. बुटांना लोखंडी काटे बांधायचे, हातात बर्फाची कुऱ्हाड घ्यायची, सगळ्यांनी एका दोराला स्वतःला बांधून घ्यायचे आणि वाटाड्या पाऊल टाकील तिथे पाऊल टाकायचे. सामान घोड्यांच्या पाठीवर, रांधायला आचारी, आपण पोचण्याआधी तंबू उभे. आपण फक्त चालायचे आणि श्वास घ्यायचा. यातले दुसरे काम अवघड.

त्या उंचीवर हवेत प्राणवायू कमी असतो असे आपण म्हणतो, ते तितकेसे बरोबर नाही. शंभरात एकवीस हे त्याचे प्रमाण तिथेही तेच; हवेचा दाबच उतरलेला असतो. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. शरीर याला सरावते, पण त्याला अवधी द्यावा लागतो. म्हणून लेहला दोन-तीन दिवस नुसते बसून काढायचे, पुढे दिवसा उंच चढायचे आणि रात्री खाली येऊन निजायचे. अवधी पुरला नाही, तर डोके दुखू लागते, अन्नावरची वासना उडते, मळमळते. तरीही वर जात राहिले, तर एखाद्याच्या फुप्फुसांत पाणी साठते, एखाद्याच्या मेंदूला सूज येते, आणि मग तासांचा हिशेब उरतो. खरा उपाय एकच, खाली उतरणे.

आमच्या वाटाड्याला आम्ही 'आचो' म्हणत असू. लडाखीत थोरल्या भावाला तसे म्हणतात. वयाने तो माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान होता. तो मला 'सर' म्हणे. रोज संध्याकाळी तो तंबूत येई, बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावून रक्तातला प्राणवायू मोजी आणि तीन प्रश्न विचारी. डोके कसे आहे? जेवलात का? झोप लागली का? यंत्राला जे कळत नव्हते ते तो माणसाला विचारीत होता.

शेवटच्या तळावर माझे डोके दुपारपासून दुखत होते. साधे दुखणे नव्हे, कवटीच्या आत कोणी दळण दळावे तसे. संध्याकाळी ताटातला भात मी कालवला, पसरला आणि अंधारात दगडामागे टाकून आलो. आचो आला तेव्हा यंत्रावरचा आकडा बरा निघाला. "डोके?" "अगदी स्वच्छ." "जेवण?" "भरपूर." कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दोन शब्दांची थाप मारायला कितीसा वेळ लागतो! तो गेल्यावर मी खिशातून डोकेदुखीच्या दोन गोळ्या काढून पाण्याबरोबर घेतल्या.

का केले असे? निघण्यापूर्वी शाळेने मला निरोप दिला होता. सातवीच्या मुलांनी फळ्यावर रंगीत खडूंनी डोंगर काढला होता आणि त्याच्या टोकावर झेंडा घेतलेला मी. शिवाय पतसंस्थेचे कर्ज काढले होते. पण ही कारणे मी नंतर शोधली. त्या क्षणी मला फक्त आईचा प्रश्न ऐकू येत होता, आणि 'नाही रडलो' म्हणण्याचा जुना आनंद होत होता. मी खोटे बोलत आहे असे मला वाटलेच नाही. मी सोसत आहे, असे वाटत होते.

आमच्यात एक परिचारिका होती, तिशीच्या आतली, एका तालुक्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नोकरी करणारी. तीन वर्षे पैसे साठवून आणि दोन वर्षे रजा साठवून ती आली होती. जेवताना तिने माझ्या ताटाकडे पाहिले. "सर, तुम्ही जेवत नाही?" म्हणाली. मी म्हटले, "दुपारचेच जास्त झाले." तिने मान डोलावली. मास्तर खोटे कशाला बोलेल?

रात्री अकराला निघालो. पहिल्याच तासाभरात आमच्यातला एक मुलगा खाली बसला आणि सरळ म्हणाला, "मला नाही जमणार. डोकं फुटतंय." दुसरा मदतनीस वाटाड्या त्याला घेऊन तळावर परतला. त्या पोराबद्दल माझ्या मनात त्या वेळी कोणता विचार आला, तो लिहायला मला आज लाज वाटते. आम्ही चौघे उरलो, आणि आचो. हिमनदी ओलांडली. पलीकडे उभ्या चढाच्या पायथ्याशी थांबलो, तेव्हा वरची धार चांदण्यात स्पष्ट दिसत होती. आचोने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मला तिचे झाकण उघडेना. झाकण कोणत्या बाजूला फिरवायचे हेच सुचेना. त्याने काही न बोलता विजेरीचा झोत बर्फावर टाकला आणि म्हणाला, "सर, या उजेडावरून चालून दाखवा. टाचेला बोट लावून." सरळ रेषेत दहा पावले. शाळेत मी मुलांना कवाईत शिकवतो. तिसऱ्या पावलाला मी कलंडलो.

त्याने विचारले, "केव्हापासून?" मी म्हटले, "आत्ताच." म्हणजे तेव्हाही! उत्तर तिनेच दिले, "नाही. संध्याकाळी ते जेवले नाहीत." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "माझ्या लक्षात आलं होतं."

एकच वाटाड्या. मला एकट्याला खाली पाठवता येईना. तिघांना एकटे वर सोडता येईना. मला तिथेच बसवून ठेवणे म्हणजे मरायला ठेवणे. आचोने दोराचे तोंड खालच्या बाजूला वळवले. कोणी वाद घातला नाही. हिमनदीच्या अध्यात-मध्यात असताना पाठीमागे शिखरावर ऊन आले, ते मी पाहिले नाही. तिने मात्र मान वळवून पाहिले. आठशे मीटर खाली उतरल्यावर माझे डोके असे मोकळे झाले की जणू काही झालेच नव्हते. त्याचे तर अधिकच वाईट वाटले. आचो म्हणाला, "पहाड कुठे जात नाही सर. पुढच्या वर्षी या." सगळ्यांनाच उद्देशून म्हणाला, पण ती बुटांचे काटे सोडीत बसली होती.

माझे मित्र माझी समजूत घालतात. त्या उंचीवर डोके कोणाचे दुखत नाही? जो तो खरे सांगू लागला, तर शिखरावर कोणी पोचणारच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. किती दुखले म्हणजे सांगायचे, याचे माप कोणाजवळ नाही, आणि प्रत्येक उसासा वाटाड्याच्या कानी घालणाराही दोरावर नकोसाच. पण मी पुष्कळ विचार केला आहे. दुखणे किती मोठे, हे ठरवण्याचे काम मी आचोला दिले होते, त्याचे मोल मोजले होते. वाट कळायला मला माणूस लागत नव्हता. वाट समोर दिसतच होती. केव्हा थांबायचे हे कळायला तो हवा होता. आणि तेच ठरवण्याचे त्याचे साधन, माझा शब्द, मी खोटे करून त्याच्या हाती दिले. आंधळ्याच्या हातची काठी काढून घ्यावी आणि वर त्यालाच म्हणावे, चल, मला वाट दाखव!

युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावरची एक हकीकत आहे. १८२० च्या ऑगस्टमध्ये हामेल नावाचे एक विद्वान गृहस्थ तो पर्वत चढायला निघाले. हवा बिघडलेली होती. वाटाड्यांना परतायचे होते. पाहुण्याचा आग्रह वर जाण्याचा. पाहुणा पैसे देणारा. शेवटी गेले. हिमलोट आला आणि तीन वाटाडे बर्फाच्या भेगेत गाडले गेले. हामेल वाचले. पुढच्याच वर्षी शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापला. ४१ वर्षांनी, १८६१ साली, हिमनदी सरकत सरकत खाली आली, तेव्हा त्या तिघांचे अवशेष तिने डोंगराच्या पायथ्याशी आणून टाकले. हामेलने निदान आपला हट्ट उघडपणे बोलून दाखवला होता, त्याला नाही म्हणता आले असते. माझा हट्ट मी गोळ्यांबरोबर गिळला होता.

सोसणे हा सद्गुण नाही, असे म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. आईने जन्मभर सोसले आणि त्यावर आमचे घर उभे राहिले. (तिने काय काय सोसले, हे आम्हांला कधी कळलेच नाही, आणि कळले असते तर काही करता आले असते का, हा वेगळा प्रश्न आहे, तो मी टाळत आलो आहे.) पण सोसायला दुखणे आपले स्वतःचे असावे लागते. दोराला बांधून घेतल्यावर माझे डोके माझे एकट्याचे राहिले नव्हते. त्यात तिची तीन वर्षांची शिल्लक होती, आचोचा रात्रीचा जीव होता. दुसऱ्याच्या ठेवीवर मी उदार झालो होतो.

डोंगर कुठे जात नाही, हे आचोचे म्हणणेही खरे ठरले नाही. स्टोक गावाला पाणी मिळते ते त्याच हिमनद्यांचे. बर्फ आटत चालले, चढणाऱ्यांची गर्दी आणि त्यांचा कचरा वाढला, आणि २०२० साली ते शिखर चढाईसाठी बंद करण्यात आले. गावाला पाणी आधी हवे, त्यात चूक काय! त्याच वर्षी करोनाची साथ आली आणि ती दवाखान्यात रात्रंदिवस राबत होती. मी तिला पत्र लिहिले होते, क्षमा मागणारे. तिचे उत्तर आले, त्यात सगळी खुशाली होती; त्या गोष्टीविषयी अक्षर नव्हते. तीही सोसणारीच.

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल कळसूबाईला नेली. बारी गावातून पहाटे चढायला लागलो. लोखंडी शिड्यांच्या अलीकडे एक पोरगा मागे पडू लागला. पाय टेकवताना ओठ चावीत होता. विचारले, तर म्हणाला, "काही नाही सर." आवाज मी ओळखला. बूट काढायला लावला. टाच सोलून रक्ताने मोजा चिकटला होता. बरोबर दुसरे शिक्षक नव्हते. सगळ्यांना तिथेच बसवले, भाकऱ्या सोडल्या आणि खाऊन झाल्यावर खाली उतरलो. वरची देवळाची घंटा कोणीतरी वाजवीत होते, ती आम्हांला ऐकू येत होती.

परतीच्या गाडीत मुले त्या पोराशी बोलेनात. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत होता, मग म्हणाला, "सर, मला चढता आलं असतं."

"हो," मी म्हटले, "आलं असतं."