पुढच्यास ठेच

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण सहज म्हणतो. पण पुढे कुणी चालायचं, हे ती म्हण सांगत नाही. आणि मागचा आपोआप शहाणा होतो, हेही मला पटत नाही.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि डिस्कवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम. फाइल सिस्टिम म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवली याचा हिशेब राखणारी यंत्रणा. हिशेब बिघडला, की फोटो डिस्कवर असूनही सापडत नाहीत. बीटीआरएफएसचं काम २००७ मध्ये ख्रिस मेसनने ओरॅकलमध्ये सुरू केलं, २००९ मध्ये ती लिनक्सच्या कर्नलमध्ये आली आणि २०२० मध्ये फेडोराने डेस्कटॉपसाठी तिलाच डिफॉल्ट केलं. तरी तिचे काही कोपरे अजून कच्चे आहेत. अनेक डिस्क एकत्र जोडायच्या रेड ५ आणि रेड ६ या पद्धती महत्त्वाच्या डेटासाठी वापरू नका, असं तिची कागदपत्रंच सांगतात. (हा प्रामाणिकपणा मला आवडतो. फोनच्या जाहिरातीत असं वाक्य वाचल्याचं आठवतंय का?)

'चालतंय ना, मग हात लावू नकोस' हा घरोघरचा सल्ला. ईएक्सटी४सारख्या मुरलेल्या फाइल सिस्टिमला तो बऱ्यापैकी लागू पडतो. वाढीच्या वयातल्या फाइल सिस्टिमला मात्र नाही. तिचा कोड कर्नलमध्येच असतो, त्यामुळे दुरुस्तीही कर्नलबरोबरच येते. देखभाल थांबलेला जुना कर्नल ठेवणं म्हणजे माहीत असलेल्या चुका जपून ठेवणं.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. २०१९ मध्ये आलेल्या ५.२ या कर्नलमध्ये बीटीआरएफएसची एक चूक शिरली. काही माहिती डिस्कवर लिहिलीच जात नव्हती आणि त्यातून फाइल सिस्टिम बिघडू शकत होती. उत्साहाने अपडेट करणारेच अडकले, ५.१ वर थांबलेले वाचले. ५.२.१५ मध्ये चूक दुरुस्त झाली. म्हणजे अपडेट करणं हा काही सद्गुण नव्हे. पण दुरुस्ती आल्यावरही जो ५.२.१० वर 'चालतंय ना' म्हणत बसला असेल, त्याचं काय? पुढच्याची ठेच त्याच्या दारापर्यंत आली होती. त्याने दारच उघडलं नाही.

माझ्या मते अपडेटच्या यादीतली कितीतरी नीरस वाक्यं अशा ठेचांची असतात. कुणाची तरी डिस्क उघडेनाशी झाली, त्याने बसून नोंदी काढल्या, कुणीतरी त्या वाचल्या. मला ते सगळं फुकट मिळतं. त्याची थोडीफार परतफेड एवढीच, की माझ्याकडे काही बिघडलं तर माझी तक्रार उपयोगी पडावी. दोन वर्षं जुन्या कर्नलवरून तक्रार केली, की पहिला प्रश्न येणार, 'नव्या कर्नलवर होतंय का?' लोकांना तो उद्धट वाटतो. मला तो रास्त वाटतो.

खरा पेच वेगळाच आहे. या डिस्कवर आईचे फोटो आहेत, बहिणीचा प्रबंध आहे. माझ्या हौसेपायी त्यांना पुढे चालायला लावायचा हक्क मला कुणी दिला? आईला विचारलं, तर म्हणाली, "तुला कळतं ना त्यातलं, मग झालं." ही संमती मी धरत नाही. तिने विश्वास माझ्यावर टाकलाय, फाइल सिस्टिमवर नाही. म्हणून त्या दोघींच्या गोष्टींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, ईएक्सटी४ वर असते.

आणि या लॅपटॉपवर नवा कर्नल मी पहिल्या दोन-तीन दुरुस्त्या येईपर्यंत घेत नाही. तेवढ्या दिवसांत दुसरं कुणीतरी ठेच खात असतं, हे मला ठाऊक असतं. म्हणून माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली काढलाय. त्यावर कुणाचंच काही नाही. तिथे नवा कर्नल आल्या दिवशीच जातो.