भिंतीपलीकडचे ड्रम



मोठ्या आवाजाचं आणि माझं कधीच जमलं नाही. नवरात्रात आमच्या नगरच्या केडगावात रेणुकामातेच्या दर्शनाला गर्दी लोटते, तिचा मला त्रास नाही. पण वरातीतला डीजे दारावरून गेला, खिडक्यांची तावदानं थरथरली, की माझा पारा चढतो. तेव्हा पलीकडच्या खोलीत पुतण्यानं ‘हूज नेक्स्ट’ नावाचा इंग्रजी रॉक अल्बम लावला, त्या वेळी माझं मत व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे ड्रम, वरून गिटारचा कल्लोळ, आणि गाणारा जिवाच्या आकांतानं ओरडतोय. “अरे, बंद कर ते!” त्यानं केलं. मुलगा ऐकण्यातला आहे.

परवा जेवताना तोच म्हणाला, “काका, त्यातल्या पहिल्या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आपले अरणगावचे मेहेरबाबा.”

आता आली का पंचाईत! हा अल्बम ‘द हू’ या लंडनच्या बँडचा. त्यांची बहुतेक गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त. 1971च्या या अल्बमचं पहिलं गाणं ‘बाबा ओरायली’. त्यातले बाबा अरणगावजवळ, दौंड रस्त्यावरच्या मेहेराबादचे, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकले. 1972मध्ये टाउनशेंड मेहेराबादच्या टेकडीवर समाधीच्या दर्शनाला येऊनही गेला. आपल्याकडच्या कुणी जुन्या माणसानं तो नाकेला, उंच गोरा पाहिलाही असेल. ओळखलं कशाला असेल?

मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मेहेराबादला मौन धरलं, ते 31 जानेवारी 1969ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून सांगायचं ते सांगत. 1954मध्ये ती फळीही बाजूला ठेवली, मग नुसत्या हातांच्या खुणा. आणि त्यांच्या या भक्ताचा बँड कसा, तर 1976ची लंडनमधली त्यांची मैफल सर्वांत मोठ्या आवाजाची म्हणून गिनीज बुकात गेली, 126 डेसिबल! पुढे टाउनशेंडचे स्वतःचे कान अधू झाले ते झालेच.

मग दुपारी पुतण्याला म्हटलं, लाव रे ते, आणि त्याच खोलीत खुर्ची टाकून बसलो. सुरुवातीला ऑर्गनचे बारीक सूर स्वतःभोवती फिरत राहतात. बराच वेळ दुसरं काही नाही. मग पियानोचे भरदार सूर, मग ड्रम. गारा पडायच्या त्या पडतातच; पण त्यांच्या खालून ऑर्गन चालूच असतो, घाई नाही की दमणं नाही. शेवटी गाणारा थांबतो, व्हायोलिन पुढे येतं, लय द्रुत होत जाते आणि गाणं एकदम संपतं. हे सगळं मागे ऐकूच आलं नव्हतं. भिंतीपलीकडून ड्रम तेवढे येतात, ऑर्गन येत नाही.

सगळाच अल्बम आवडला असं मात्र नाही हं. शेवटच्या गाण्यातली ती लांबलचक आरोळी अजूनही सोसवत नाही. ‘बिहाइंड ब्लू आइज’ निम्म्यापर्यंत इतकं हळुवार आहे, की पुढे ते तसंच का नाही राहिलं म्हणून थोडी चिडचिडही झाली. डीजेबद्दलचं मत तर जागच्या जागी आहे.

मूळ अल्बम 43 मिनिटांचा आहे. घरातल्या पोरापोरींपैकी कुणी असलं काही ऐकत असेल, तर एखाद्या दिवशी त्यांच्या खोलीत जाऊन शेजारी बसा, आणि काय ऐकायचं ते त्यांनाच दाखवू द्या. आवाज थोडा बेतानं ठेवायला सांगितलं तरी चालेल.