वार्ताहर तुमचा कोण लागतो?

मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. पत्रकारितेच्या वर्गात मी तुम्हाला शिकवलं. आज तुमच्यातले बरेच जण मुंबई-पुण्याच्या दैनिकांत वृत्तसंपादक आहेत. म्हणूनच हे तुमच्या तोंडावर सांगते आहे.

दर ५ जूनला तुम्ही पर्यावरणाची रंगीत पुरवणी काढता. पण रात्री नदीतून निघणारे वाळूचे डंपर कोण मोजतो? रसायनाचं पाणी खाडीत सुटल्यावर मेलेल्या माशांचा फोटो भल्या पहाटे कोण काढतो? तुमचा तालुक्याचा वार्ताहर. त्याला नियुक्तिपत्र नाही, पगार नाही; मिळतं ते जाहिरातीवरचं कमिशन. आणि तालुक्यात जाहिरात देणार कोण? तोच वाळूवाला, तोच खडी क्रशरवाला! ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच दारात त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात मागायला पाठवता आणि वर विचारता, बातमी इतकी मिळमिळीत का? लाज वाटायला हवी.

शशिकांत वारिशे आठवतात का? राजापूर तालुक्यातल्या रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या ते 'महानगरी टाइम्स'ला देत. ६ फेब्रुवारी २०२३ ला रिफायनरीच्या एका समर्थकाविषयीची त्यांची बातमी छापून आली. त्याच दिवशी, कोदवलीच्या पेट्रोल पंपाजवळ, त्याच माणसाच्या गाडीनं त्यांच्या दुचाकीला धडक देऊन त्यांना फरपटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात ते गेले. आधी गुन्हा सदोष मनुष्यवधाचा नोंदला; राज्यभर पत्रकारांनी आवाज उठवला तेव्हा खुनाचं कलम लागलं. म्हणजे तुम्ही ओरडलात की फरक पडतो. मग माणूस मरेपर्यंत तोंडाला कुलूप का? मध्य प्रदेशात भिंडच्या संदीप शर्मांनी वाळूमाफियांचं स्टिंग केलं, जिवाला धोका असल्याचं पोलिसांना लेखी कळवलं, आणि मार्च २०१८ मध्ये ट्रकनं त्यांना चिरडलं. युनेस्कोनं २०२४ मध्ये आकडे मांडले: १५ वर्षांत पर्यावरणाच्या बातम्या देणारे ४४ पत्रकार मारले गेले, शिक्षा झाली ती फक्त पाच प्रकरणांत.

कायदा नाही, असं मला सांगू नका. महाराष्ट्राचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. त्यात पत्रकारावरचा हल्ला दखलपात्र गुन्हा आहे. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पण हा कायदा पत्रकार मानतो कुणाला? नियमित किंवा करारावर नेमलेल्या माणसाला. तो कागद तुम्ही देत नाही, म्हणून मार खाल्लेला वार्ताहर ठाण्यात उभा राहतो तेव्हा 'तू पत्रकार कशावरून?' इथूनच सुरुवात होते. हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची, पावती घेऊन तो घरी येतो. तुम्हाला फोन करतो, तर उत्तर मिळतं: 'जरा सांभाळून लिहीत जा.' हे उत्तर देणारा माझा विद्यार्थी असेल, तर त्यानं मला गुरू म्हणू नये.

एकत्र आलं की काय जमतं तेही ऐका. उत्तर प्रदेशात शहाजहानपूरचे जगेंद्र सिंह वाळू उपशावर लिहीत होते. २०१५ मध्ये ते भाजून मेले. त्यांनी हात घातलेला विषय २०१९ मध्ये पॅरिसच्या 'फॉरबिडन स्टोरीज' या पत्रकारांच्या संस्थेनं इतर देशांतल्या वृत्तपत्रांना सोबत घेऊन जगापुढे आणला. पॅरिसहून हे जमतं आणि तुम्हाला शेजारच्या जिल्ह्यातून जमत नाही? एका वार्ताहराला धमकी आली की तीच बातमी दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या दैनिकांनी छापा, स्पर्धा बाजूला ठेवून. मग धमकावणारा किती जणांना गाठणार?

या महिन्यात प्रत्येक तालुका वार्ताहराच्या हातात नियुक्तिपत्र, ओळखपत्र आणि विम्याचा कागद ठेवा. जाहिरातीचं काम त्याच्याकडून काढून घ्या आणि बातमीचे पैसे द्या. मालक नाही म्हणाला, तर त्याच्याशी भांडा; त्या खुर्चीचा पगार तुम्हाला त्यासाठीच मिळतो. आणि पुढच्या वेळी वार्ताहराचा फोन ठाण्यातून आला, तर सल्ला देऊ नका. गाडी काढा आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.